अजगराच्या विळख्यातले धनुष्य

फाल्गुन शुद्ध दशमी. आभाळ निरभ्र, दुपारपासून पश्चिमेचा कोरडा वारा.

त्या दिवशी घळीकाठच्या रानात झऱ्याचे पाणी पहिल्या दगडाखाली उतरले. मुलांनो, त्या झऱ्यात एकाखाली एक असे काळे दगड होते आणि पाणी किती उरले ते रानातले प्राणी दगडांवरून ओळखत असत. पहिला दगड उघडा पडला, की घळ ओलांडून पलीकडच्या डोहावर जायचे, हा त्यांचा जुना रिवाज. पण घळ खोल, कडे सरळ तुटलेले, आणि घळीवरचा वेलींचा पूल त्या वर्षीच्या वणव्यात जळून गेलेला. पक्षी केव्हाच पलीकडे उडून गेले होते. "दोराचे एक टोक तेवढे नेऊन दे रे बाबा," असे साळिंदराने कावळ्याला विनवले होते. "आलोच, घोटभर पाणी पिऊन," म्हणून कावळा जो गेला, तो गेलाच.

याच रानात एक माकड राहत असे. त्याचे हात म्हणून कधी स्वस्थ नसत. शेंग दिसली की सोलायची, सालीची खपली दिसली की उचकटायची. रानाच्या कडेला झाडावर बसून त्याने माणसांना धनुष्य करताना पाहिले होते. माणसे बांबूच्या कामट्या आणि धामणाच्या लाकडाच्या पातळ पट्ट्या एकावर एक ठेवत, प्रत्येक थरात डिंक भरत आणि वरून दोरी करकचून आवळत. पुढे बरेच दिवस ती त्या लाकडाकडे फिरकतसुद्धा नसत. तेवढे दिवस बघत बसायला माकडाला कोठला धीर? ते निघून येई. माणसे आळशी असतात, बांधून ठेवतात आणि झोपा काढतात, एवढेच त्याच्या ध्यानात राहिले होते.

"धनुष्य मी करतो," ते सगळ्यांना म्हणाले. "बाणाला बारीक दोर बांधू. बाण पलीकडच्या जांभळीच्या बेचक्यात अडकला, की खार दोरावरून जाईल, पक्की गाठ मारील आणि जाड वेल ओढून घेईल."

"जाईन की," खार म्हणाली. "पण माकडभाऊ, दोर मधेच सुटला तर खाली दगड आहेत हो!"

"तुझे वजन ते काय, शेपटीसकट पसाभर!"

साळिंदराने बाणाच्या टोकासाठी आपला एक लांब काटा काढून दिला. "एकच देतो बरे का," ते म्हणाले. "उपटताना डोळ्यांत पाणी येते, आणि सध्या पाणी जपून वापरायचे आहे."

माकडाने कामाला झपाट्याने हात घातला. धारदार गारगोटीने पट्ट्या तासल्या. डिंक नीट धरावा म्हणून त्यांच्या आतल्या बाजू खरवडल्या. धावड्याचा डिंक भिजवून लावला, थरावर थर बसवला आणि वेलीने सगळे आवळून सावलीत ठेवले. तोवर बाकीच्यांनी घायपाताच्या पानांतल्या धाग्यांचा, म्हणजे वाखाचा, लांब दोर वळायला घेतला.

वेल बांधून माकड बाजूला बसले आणि त्याचे हात शिवशिवू लागले. वाळले असेल का? ऊन तर कडक आहे. त्याने वेलीचा एक वेढा सोडला, दोन थरांमध्ये बोट घातले. बोट चिकटले. पुन्हा आवळले. थोड्या वेळाने दुसरा वेढा सोडला. आत अजून ओलच होती. पुन्हा आवळले. झऱ्यावर जाऊन यावे तर पाणी आणखी खाली गेलेले दिसे, आणि ते पाहून आले की बोटे आणखीच वळवळत. सकाळी बघायचे, दुपारी बघायचे, उन्हे कलताना बघायचे. शेवटी एकदा बोट कोरडे निघाले, तेव्हा माकडाने उडीच मारली. "झाले!"

सगळे रान घळीकाठी जमले. माकडाने दोरी चढवली, बाण लावला आणि धनुष्य छातीपर्यंत ओढले. 'चर्र' असा आवाज झाला. थर सुटे झाले, कामट्या पंख्यासारख्या फाकल्या. बाण समोरच्या समोर घळीत पडला आणि त्याच्यामागे सगळ्यांनी वळलेला दोर सरसरत खाली गेला. कोणी काठ धरून वाकले, कोणी नुसते बघत राहिले. दोराचे शेवटचे टोकही दिसेनासे झाले.

"अहो माकडभाऊ," खार म्हणाली, "धनुष्य केलेत की भाकरी? किती वेळा उलटून पाहिलीत!"

कोणी हसले नाही. खारही काठापासून मागे सरली. त्या दोरावर तीच असायची होती.

माकडाने सुटलेल्या पट्ट्या उचलल्या. डिंक दोन्ही बाजूंना होता, चांगला वाळलेला, चकचकीत. पण एका पट्टीचा डिंक दुसरीला लागलाच नव्हता. प्रत्येक वेळी थर उघडून वारा आत गेला होता आणि डिंक आपापल्या जागी सुकला होता. त्या सुकलेल्या डिंकात ठिकठिकाणी बोटांचे ठसे होते. माकडाने आपले बोट एका ठशावर ठेवून पाहिले. ते बरोबर बसले. माणसे त्या लाकडाकडे का फिरकत नसत, ते त्याला तेव्हा कळले.

झऱ्यात आता शेवटचा दगड तेवढा ओला होता. माकडाने पुन्हा पट्ट्या तासल्या, पुन्हा डिंक लावला. पण वेल हातात घेतली आणि ते थांबले. आपण बांधलेली वेल आपणच सोडणार, हे त्याला पक्के ठाऊक होते. मग ते असे काही करून बसले, की साळिंदराचे काटेच उभे राहिले. ओल्या पट्ट्या खांद्यावर घेऊन ते करवंदीच्या जाळीमागे राहणाऱ्या अजगराकडे गेले.

अजगराने नुकताच मोठा घास गिळला होता. त्याने एक डोळा उघडला. "स्वतःच्या पायांनी आलास? अरेरे. पोट भरलेले असतानाच!"

"अजगरमामा, आवळायचे काम आहे," माकड लांबूनच म्हणाले.

"खायचे आहे का ते?"

"लाकूड आहे."

"मग मला काय त्याचे?"

"झऱ्याचे पाणी तुम्हीही पिता, मामा. शेवटचा दगड राहिलाय."

अजगराने दुसराही डोळा उघडला. मग म्हणाला, "ठेव. पण एक सांगतो. मी एकदा आवळले की पोटातले पचेपर्यंत सोडत नाही. मधे कोणी हात लावला, तर हातासकट आवळीन."

"तेच तर पाहिजे आहे," माकड म्हणाले आणि त्याने पट्ट्या पुढे ढकलल्या. अजगराने पट्ट्यांभोवती विळख्यावर विळखा घातला. डिंकाचे थेंब कडेने बाहेर आले आणि अजगर झोपी गेला.

आता माकडाला कोठे चैन पडेना. ते जाळीपर्यंत जाई, विळख्याकडे बघे आणि उलट्या पावली परते. झऱ्यावर जाई, तर तेथे हरणाचे पाडस ओली वाळू चाटत असे. ते पाहून पुन्हा जाळीकडे. एकच कोपरा बघू का? शेपटीच्या टोकाजवळचा? अजगराचा डोळा किलकिला होई आणि माकड झाडावर. त्याचे हात अंगच खाजवू लागले, मग साल ओरबाडू लागले, मग तेथे पडलेला वाख पिंजू लागले. पिंजता पिंजता बोटांनी दोन पेड धरले आणि पीळ घातला. पीळ घट्ट बसला. माकड तसेच वळत राहिले. सकाळी जाळीकडे निघावेसे वाटले की वाख घ्यायचा, दुपारी वाटले की वाख घ्यायचा. साळिंदराने आणखी एक काटा आणून ठेवला आणि तोंड फिरवून डोळे पुसले. माकडाने नवा बाणही घासून सरळ केला. खार येऊन दोराला लोंबकळून बघे. "हा बरा आहे," एवढेच ती म्हणे, आणि आणखी वाख आणून टाकी.

शेवटी अजगर हलला. एकेक विळखा सैल झाला. "घे," तो म्हणाला. "आणि लवकर नीघ. मला आता भूक लागली आहे."

माकडाने धनुष्य उचलले आणि ते धूम पळाले. थरांच्या सांध्यात नखही जात नव्हते. पण धनुष्य अजून ताठ होते. दोरी थोडी ओढायची, कोणत्या बाजूची भुजा कमी वाकते ते बघायचे, तेथे गारगोटीने हलकेच खरवडायचे, पुन्हा ओढायचे. दोन्ही भुजा सारख्या वाकू लागल्या, तेव्हा ते थांबले.

चैत्र शुद्ध तृतीया. आभाळ ढगाळ; वारा पडलेला. बाण पलीकडच्या जांभळीच्या बेचक्यात अडकला. दोर तुटला नाही. खार त्यावरून गेली, तिने गाठ मारली आणि जाड वेल ओढून घेतली. संध्याकाळपर्यंत वेलींचा पूल बांधून झाला. हरणाचे पाडस चौथे गेले, साळिंदर त्याच्यामागे, माकड शेवटून दुसरे आणि अजगर सगळ्यांत शेवटी. धनुष्याचा एकही थर सुटला नाही.

तात्पर्य : जे काम आपल्या वेळेनेच पक्के होते, ते उघडून पाहिल्याने लवकर होत नाही; हातांना राहवत नसेल, तर त्यांना दुसरे काम द्यावे.