मुकी गाडी

सांगलीच्या शरयूबाई देवस्थळींचा उभा जन्म मूकबधिर मुलांच्या शाळेत शिकवण्यात गेला. नवरा गेल्यावर त्याची जुनी गाडी त्यांनी जिवापाड जपली. एके दिवशी तिच्या डॅशबोर्डवरचा इंजिनाच्या बिघाडाचा दिवा पेटला तो विझेचना, म्हणून बाई थेट मोठ्या सर्व्हिस सेंटरात गेल्या.

तिथले मॅनेजर खर्डेकर म्हणजे शर्टाची इस्त्री मोडू न देणारा माणूस. हातातला, गाडीला जोडून बिघाड शोधणारा स्कॅनर नाचवत ते म्हणाले, "आजी, तुमच्या गाडीला याची वायर बसतच नाही. मुकी आहे ती! भंगारात काढा आणि नवी घ्या."

"आणि तिनं स्वतःच दुखणं सांगितलं तर?"

"तर मी स्वतः बाह्या सरसावून तिची दुरुस्ती करीन!" खर्डेकर हसले, तसं सगळं वर्कशॉप हसलं.

बाईंनी अंबाड्यातला आकडा काढला. बॉनेट उघडून, नवऱ्यानं शिकवलं होतं तसा, तिथल्या डबीतल्या दोन खाचांत अडकवला आणि चावी फिरवली. दिवा दोनदा लुकलुकला, थांबला, पुन्हा दोनदा लुकलुकला.

"दोन आणि दोन, म्हणजे बावीस नंबरचा बिघाड. इंजिनाचं तापमान मोजणारा सेन्सर गेलाय," बाई म्हणाल्या.

मेकॅनिकनं तपासलं. सेन्सर खरंच गेला होता.

खर्डेकर चाचरले, "पण... ही बोलली कशी?"

"साहेब, माझ्या शाळेत येणाऱ्या प्रत्येक पोराबद्दल लोक हेच सांगायचे, की हे काही बोलत नाही. पोरं तर सारखी बोलत असायची. फक्त त्यांच्याकडे कुणी बघत नसे."

आकडा परत अंबाड्यात खोचत बाई हसल्या. "हं, आता सरसावा बाह्या."