एकट्या नव्या चाकाची गोष्ट

फार वर्षांमागं, राजे घोड्यावरनं फिरायचे तेव्हा, एका खाडीवर इंजिनाची होडी होती. राजाच्या काळात इंजिन कुठलं, म्हणून नाक मुरडताय? मुरडा. यातला एक शब्द तरी खरा मानून दाखवा.

होडीच्या शेपटाला, पाण्यात, पंखा. तो फिरवायला दोन दातेरी चाकं, थोरलं नि धाकटं, एकाचे दात दुसऱ्यात अडकलेले. या तीराला गाव, त्या तीराला वैद्य, मधे ही एकच होडी. राजाचं फर्मान होतं, भर खाडीत तीनदा होडी अडली की नावाड्याकडनं घाट, म्हणजे होडी चालवायचा हक्क, काढून घेणार.

पहिल्यांदा अडली तेव्हा धाकट्या चाकाचे दात उडाले होते. नावाडी लोहाराकडं गेला, बायको मागनं.

"थोरलं पण बदल," लोहार म्हणाला. "दात बघ त्याचे, चिंचोक्यासारखे गुळगुळीत झालेत."

"ते माझ्या बापानं बसवलंय. दर नारळी पुनवेला हळदकुंकू लागतं त्याला. आणि फिरतंय की."

बायकोनं कपाळाला हात लावला. "अवो, झिजक्या दातांत नवे दात बसायचे कसे? ते नव्याला कुरतडून खाणार."

"तुला गं काय कळतं यंत्रातलं?"

"यंत्रातलं नाही कळत. तुमच्या आईच्या हाताखाली नवी आले होते, तेवढं कळतं."

लोहार हसला. नावाडी नाही हसला. धाकटं चाक तेवढं घेतलं नि घरी आला.

पंधरा दिवसांत होडी परत अडली. नवं चाक कुरतडलेलं, थोरलं जागच्या जागी.

"लोहाराचं लोखंडच कच्चं," नावाडी म्हणाला, आणि आणखी एक धाकटं चाक आणलं.

बायकोनं सांगून बघितलं, रुसून बघितलं, दोन दिवस आळणी कालवण वाढून बघितलं. त्यानं वरनं मीठ घेतलं नि जेवला. आता घाट जातोय या काळजीनं ती रोज होडीत येऊन बसायला लागली.

एक दिवस राजाची दाढ ठणकली. गाल नारळाएवढा. वैद्याकडं जायला राजा होडीत बसला. अर्ध्या खाडीत खाली कर्रर्र झालं नि पंखा थांबला. ओहोटी लागलेली. होडी वाहत जाऊन चिखलात रुतली, आणि भरती येईपर्यंत राजा गाल धरून डास मारत बसला.

"महाराज, लोखंडच कच्चं..." नावाडी सुरू झाला.

राजाला तोंड उघडवेना. त्यानं तीन बोटं वर केली. मग नावाड्याच्या बायकोकडं बघितलं. तिनं दोन्ही चाकं काढून त्याच्या पुढ्यात ठेवली. राजानं थोरल्याच्या दातांवरनं बोट फिरवलं, नावाड्याकडं नुसतं बघितलं, आणि घाट बायकोला देऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी तिनं दोन्ही चाकं एकदम बदलली. होडी मग अडली नाही. नावाडी आता धक्क्यावर दोर धरतो, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, "बघा, मी म्हणत नव्हतो का, चांगली चालते."

तर, झिजलेल्याच्या जोडीला एकटं नवं दिलं की नवंच मरतं. बदलायचं तर दोन्ही बदला.

घरी जाऊन नवऱ्याकडं तसं बघू नका गं, हे चाकांचं चाललंय. उठा, निघा आता.