बसकणीचा माळ

वरली वाडी आणि खालली वाडी यांच्या मधोमध जो माळ आहे, त्याला बसकणीचा माळ म्हणतात. बघण्यासारखे तिथे फारसे काही नाही. गुडघाभर गवत, मध्ये उघडी जागा, त्या जागेत विटी कोलण्यासाठी खणलेली लांबट गल आणि शेजारी एक बुटका दगड. देऊळ नाही, शेंदूरही नाही. फोटो काढायला काही सापडत नाही म्हणून पाहुणे हिरमुसतात. पण दिवाळी सरली, गवत कापणीला आले, की दोन्ही वाड्यांचा विटीदांडूचा सामना इथेच होतो, आणि जी वाडी जिंकेल तिचा विळा कुरणात आधी पडतो. त्या दगडावर एरवी कुणी बसत नाही. का बसत नाही, ते मात्र सांगावे लागते.

पूर्वी हा खेळ अगदी साधा होता म्हणे. कोललेली विटी झेलली, की खेळणारा बाद. झेलता नाही आली, तर ती पडल्या जागेवरून गलीवरच्या आडव्या दांडूला नेम धरून मारायची. लागली तरी बाद. नेम चुकला तर खेळणाऱ्याने टोला हाणायचा आणि दांडूने अंतर मापायचे. ऊन तापायच्या आत निकाल लागायचा. पण कुरणात मागून जाणाऱ्याच्या वाट्याला उरलेसुरले गवत यायचे, त्यामुळे हरलेली वाडी वर्षभर डूख धरून राहायची. म्हणून कुणा शहाण्याने हरणाऱ्याचा मान काढला. जो हरेल त्याने पुढच्या खेळासाठी एक नियम मागावा आणि जिंकणाऱ्याने तो मुकाट्याने द्यावा. मन राखण्यासाठी काढलेली गोष्ट. ज्याने काढली त्याचे नाव आता कुणाला आठवत नाही, हे त्याचे नशीबच.

येसबा तेव्हा पंच होता. तरुणपणी तो वरल्या वाडीचा पहिला गडी, पण खोटे बोलणार नाही एवढी खात्री असल्याने दोन्ही वाड्यांनी मिळून त्याला पंच नेमले. नियम लिहायची रीत नव्हती, ते सगळे येसबाच्या डोक्यात. एका साली हरणाऱ्यांनी मागितले, उन्हाकडे तोंड करून कोलायचे नाही. पुढे कुणी मागितले, विटी खैराचीच हवी. मग डावखुऱ्याने कुठल्या अंगाला उभे राहायचे ते ठरले, टोपीत पडलेली विटी झेल धरायची नाही हे ठरले, विटी जनावराला अडली तर पुन्हा कोलायची हेही ठरले. खालल्या वाडीचा म्होरक्या मानाजी नियम मागण्यात सगळ्यांत तरबेज. येसबाला डुलकी लागते असा त्याला संशय आला, तेव्हा त्याने मागितले, सामना संपेपर्यंत पंचाने बसायचे नाही. येसबाने हाही नियम डोक्यात घातला आणि उभा राहिला.

तिथून तो उभाच. कारण सामना आता सकाळी सुरू होऊन दुसऱ्या दिवसावर जाऊ लागला होता. प्रत्येक टोल्याला खेळ थांबायचा आणि सगळी तोंडे येसबाकडे वळायची. बघायला येणाऱ्या बायामाणसांनी येणे सोडले. येसबाचे पाय सुजत, आवाज बसे. त्याला हे काम कुणाच्या तरी गळ्यात घालून मोकळे व्हायचे होते, पण शिकायला आलेला माणूस दोन-चार दिवसांत कपाळाला हात लावून पळे. बायको राणूबाई म्हणायची, विसरलो म्हणून सांगा आणि सुटा. पण आठवत असताना विसरलो कसे म्हणणार? असला माणूस सुटत नसतो, आणि येसबाला ते कळत होते.

मग ते घारीचे साल आले. खालल्या वाडीच्या गड्याने टोला हाणला, विटी उंच गेली, आणि वरून आलेल्या घारीने ती पायांत धरून कड्यावर नेली. वरली वाडी म्हणाली, जनावराला अडली, पुन्हा कोला. खालली वाडी म्हणाली, दिवस मावळेपर्यंत खाली न आलेली विटी टोल्यात धरायची, हाही नियमच आहे. येसबाने दोन्ही नियम आठवले. दोन्ही खरे होते. सामना तटला, आणि निकालाशिवाय कुरणात विळा घालायचा नाही हा तर सगळ्यांत जुना दंडक. गवत उभ्या उभ्या पिवळे पडू लागले. गोठ्यांत जनावरे हंबरत राहिली. दोन्ही वाड्या रोज माळावर जमत, भांडत आणि रिकाम्या हातांनी परतत.

एका सकाळी येसबा गलीपाशी गेला आणि त्याने दांडू उचलला. पंचाने खेळू नये असा नियम मागायचे कुणाला सुचले नव्हते. तो म्हणाला, "मला एक डाव द्या. तुम्ही समदे एका अंगाला, मी एकला."

नाही कोण म्हणणार? दोन्ही वाड्यांचे गडी पांगले. येसबाने विटी कोलली. विटी अलगद एकाच्या ओंजळीत आली, आणि त्याने मान राखायचा म्हणून ओंजळ उघडली. दुसऱ्यांदाही तेच झाले, तिसऱ्यांदाही तेच. दांडूवर कुणी नेम धरीना. मुद्दाम वाईट खेळणे येसबाला जमत नव्हते आणि त्याला बाद करायला कुणी धजत नव्हते. ऊन चढले, म्हातारा घामाने निथळला, तरी कोलत राहिला.

मानाजी त्याच्याकडे बघत होता. जन्मभर ज्याच्याशी हुज्जत घातली, त्याचा चेहरा त्याला पाठ होता. तो पुढे आला, अगदी जवळ उभा राहिला, आणि पुढची विटी त्याने दोन्ही हातांनी घट्ट झेलली.

"बाद," मानाजी म्हणाला. "येसबा, तू हरलास. माग."

"झेलली की बाद, नेम लागला की बाद, एवढं ऱ्हाऊ द्या," येसबा म्हणाला. "बाकी समदे नियम काढून टाका. आन् मला बसू द्या."

तो शेजारच्या दगडावर बसला. मानाजी त्याच्या पायांशी जमिनीवर बसला. मग एकेक करून दोन्ही वाड्या बसल्या, आणि त्या साली विळे एकदमच कुरणात गेले. संध्याकाळी भारे घेऊन परतताना त्यांनी पाहिले, तर येसबा तसाच बसला होता. प्राण गेला होता. चेहरा मात्र झोपलेल्या माणसाचा होता, असे सांगतात. काहीजण म्हणतात, हा दगड म्हणजेच येसबा. दगडाला काय, कुणी काहीही म्हणावे.

आजही सामना संपला, की हरलेल्या वाडीचा म्हातारा त्या दगडावर येऊन बसतो आणि जिंकलेले त्याला विचारतात, काय मागता. मागण्यासारखे त्याच्याकडे पुष्कळ असते. कधी झेल खोटा वाटलेला असतो, कधी ऊन डोळ्यांवर आलेले असते, ते सगळे ओठांवर येते आणि आलेले दिसतेही. मग तो म्हणतो, काही नाही, बसतो जरा. जिंकलेलेही त्याच्याभोवती जमिनीवर बसतात. तो दम खाऊन आपणहून उठेपर्यंत कुरणात कुणाचाच विळा पडत नाही.