दादाची जीप आणि काकांची खुर्ची

दादा वारला आणि त्याची जीप अंगणातच उभी राहिली. दसऱ्याच्या पूजेला ती सुरू झाली नाही, तर भंगारात घालायची, असं रंगरावकाकांनी ठरवून टाकलं. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, म्हणून मी झटपट भरणारा मोठा चार्जर सोडून हळूहळू भरणारा छोटा आणला. तो बॅटरीला लावूनच ठेवायचा, भरली की आपोआप थांबतो.

काका खुर्चीतून ओरडले, "येड्या, जी जागची हलत नाही, तिला रोज कशाला खाऊ घालतोस?"

"काका, तुम्ही तरी कुठं हलता? काकूंनी ताट बंद केलं का? आणि ही तर पोट भरलं की थांबते!"

काकू पदराआड हसल्या.

दसऱ्याला दादाच्या जागी बसून मी किल्ली फिरवली. जीप पहिल्याच झटक्यात सुरू झाली. नारळ फोडायला काका स्वतः खुर्चीतून उठून आले.