न दिसणारे खडे

“...म्हणजे पाण्यात प्लॅस्टिकचे कण, मिठात प्लॅस्टिक, माणसाच्या रक्तातसुद्धा. मग आक्का, मी लेकीला जेवू काय घालू?”

याच प्रश्नानं माझी झोप उडाली होती. एम.एस्सी. असल्यामुळे मी घाबरतेही संदर्भांसकट. मासे बंद केले, पिशवीतलं दूध बंद केलं. चार वर्षांची शाल्मली ताटाआधी माझा चेहरा बघायला लागली. वजन उतरलं तिचं.

नदीकाठच्या मठातल्या सुंद्राक्का ऐकून घेतात, लगेच बोलत नाहीत. मठाचा रिवाजच तसा. प्रश्न घेऊन येईल त्यानं आधी पंगतीचे तांदूळ निवडायचे.

त्यांनी सूप पुढे सरकवलं.

शाल्मलीला शेजारी बसवून मी निवडू लागले. खडे संपले, तूस संपलं. मग एकेक दाणा उजेडात धरून बघत बसले...

चुलीवरचं आधण आटायला आलं.

“खडे संपले का गं?”

“कधीच.”

“मग काय शोधतेस?”

“जे दिसत नाही, ते.”

“सापडलं?”

“...नाही.”

आक्कांनी सूप उचललं. तांदूळ धुतले आणि आधणात वैरले.

“म्हणजे सोडून द्यायचं?” माझा आवाज चढला. “त्यानं शरीराचं काय होतं, हे अजून कुणाला धड ठाऊकसुद्धा नाही!”

“सोड म्हणाले का मी? दिसतंय तेवढं तरी बघ.”

मी बघितलं. ओसरीवर सेवेकरी रंगराव उकळती आमटी पातळ प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरत होते. लोकांनी घरी न्यायचा प्रसाद.

मी उठले. रिकाम्या पिशव्यांचा गठ्ठाच काखोटीला मारला.

“काय ओ ताई! मग लोकांनी न्यायची कशात?”

“डब्यात. स्टीलच्या.”

“आणि डबा आणलाच नसंल तर?”

इथं माझं शिक्षण संपलं. मी आक्कांकडे पाहिलं.

“इथं बसून जेवतील,” आक्का म्हणाल्या. “तेवढीच पंगत मोठी.”

पंगत बसली. आक्कांनी शाल्मलीच्या पत्रावळीवर भात वाढला. तिनं घास उचलला... आणि हवेतच थांबवला.

“आई, खाऊ?”

मी पुन्हा आक्कांकडे पाहिलं. त्या पुढच्या पानावर वाढत होत्या.

“खा,” मी म्हणाले.

शाल्मलीनं तो घास माझ्या तोंडापुढे धरला.

“आधी तू.”