पातेल्याची कल्हई

भांड्यांना तोंडाबरोबर जीभही होती, त्या काळातली ही गोष्ट. एके सकाळी गाळणी किंचाळली, "अगं बाई! पितळी पातेल्याची कल्हई उडाली! आता त्यातलं दूध म्हणजे विषच!"

दुपारी बातमी माठापर्यंत पोचली, तोवर त्या दुधानं तीन मांजरं मेलीसुद्धा. घरात मांजर एकच होतं, आणि ते समोरच मिशा चाटत बसलं होतं.

"मोडीत घाला त्याला!" सगळे ओरडले. पातेलं रडकुंडीला आलं. "अरे, एकदा आत तरी बघा!"

ते त्याला फळीवरून ढकलणार, एवढ्यात म्हातारी पळी मध्ये पडली. "थांबा रे मेल्यांनो! झाकणा, तू जन्मभर याच्या तोंडावर बसलंस. आत काय दिसतं?"

"कल्हई. चांदीसारखी."

पळीनं झाकणावर डोळे वटारले. "मग सकाळपासून तूही का बोंबलत होतंस?"

"सगळेच सांगत होते, मावशी. मला वाटलं, माझेच डोळे गेले."

पळीनं पातेल्याला घाईघाईनं मागे ओढलं. तोवर खालच्या फळीवर घागर तांब्याला सांगत होती, "कळलं का? झाकण आंधळं झालं!"