व्याह्यांच्या बासुंदीत आमटीची पळी

लग्नाच्या पंगतीत मुलाचे वडील बॅरिस्टर नाडगौडा विलायतेचे गोडवे गात होते. "इंग्रजीत एक 'गेट' म्हटलं की झालं! पत्र मिळालं, गेट. आजारी पडलं, गेट. लग्न झालं, तेही गेट! तुमच्या दळभद्री मराठीत प्रत्येकाला निराळा शब्द. आमच्या घरी सूनबाईनं मराठीत तोंड उघडायचं नाही!"

नवरीची मान खाली गेली. तिची मावशी द्वारकाबाई आमटी वाढत होती. अपमान गिळणं तिला कधी जमलंच नव्हतं. तिनं आमटीनं माखलेली पळी तशीच व्याह्यांसाठी खास काढलेल्या बासुंदीत बुचकळली आणि त्यांच्या वाटीत रिकामी केली. बासुंदीवर मोहरी आणि कढीपत्ता तरंगू लागला.

"अहो, हे काय!" बॅरिस्टर ओरडले. "बासुंदीला वेगळी पळी नाही का घरात?"

"आहे की! पदार्थागणिक आहे," मावशी म्हणाली. "पण एका शब्दात सगळं भागवणारे थोर लोक तुम्ही. म्हटलं, एका पळीतही भागवाल. आमची दळभद्री रीत तुम्हाला कशाला दाखवायची, व्याहीबुवा?"

अख्खी पंगत खो खो हसली, सगळ्यात आधी नवरी. बॅरिस्टरांना मात्र उत्तराला एक शब्द सापडेना. गेटसुद्धा नाही.